एसडीबी१ कुठे गेलं? लिनक्समधल्या डिव्हाइस फाइल्सचा पन्नास वर्षांचा इतिहास आणि माझी एक डिस्क



पीएचडीच्या चौथ्या वर्षात तू सगळ्यात जास्त कशाला घाबरतेस, असं वर्षभरापूर्वी कोणी विचारलं असतं तर मी हसत हसत 'गाइडच्या रात्री अकराच्या मेलला' असं सांगितलं असतं. गेल्या पावसाळ्यापासून माझं उत्तर बदललंय. आता मी घाबरते ती एका न दिसणाऱ्या ओळीला.

मी अर्नाळ्याची. माझं संशोधन इथल्याच किनाऱ्याच्या धुपेवर आहे. ठरलेल्या जागांवरून, ठरलेल्या भरती-ओहोटीला काढलेले फोटो आणि वाळूच्या उताराची मापं असं तीन वर्षांचं काम ४ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर होतं. पहिल्या दोन वर्षांची प्रत लॅबमध्ये होती. तिसऱ्या वर्षाची प्रत 'या आठवड्यात करते' या यादीत होती. ही चूक माझीच, त्याबद्दल शेवटी बोलू.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. डिस्कच्या बाहेरच्या केसिंगची पॉवरची पिन गंजून तुटली. डिस्क आतून धडधाकट होती. म्हणून मी केसिंग उघडलं, डिस्क बाहेर काढली आणि घरच्या जुन्या डेस्कटॉपला साटा केबलने थेट जोडली. लिनक्स सुरू केलं, टर्मिनल उघडलं, 'एलएसबीएलके' टाइप केलं. डिस्क दिसली: एसडीबी, ३.६ टीबी. (४ टीबीची डिस्क लिनक्स ३.६ दाखवतो, तो हिशेबाचा फरक आहे.) पण तिच्या खाली एसडीबी१ ही ओळ यायला हवी होती, ती नव्हती. डेव्ह डिरेक्टरीत पाहिलं, तिथेही एसडीबी१ नावाची फाइल नव्हती. डिस्कचं ग्राफिकल टूल उघडलं, तर त्याने डिस्क रिकामी असल्याचं सांगितलं आणि 'नवीन पार्टिशन टेबल बनवायचं का?' असं नम्रपणे विचारलं.

तुमच्यावर कधी ही वेळ आली, तर त्या प्रश्नाला 'हो' म्हणू नका. लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

(लेखात आज्ञांची आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

चार सल्ले, चार दशकं

आपण सगळे करतो तेच मीही केलं. शोधाशोध केली. तासाभरात माझ्याकडे चार सल्ले जमा झाले. पहिला: 'एमकेनॉड' वापरून फाइल हाताने बनवा. दुसरा: 'डेव्हएफएसडी' चालू आहे का बघा. तिसरा: 'युडेव्हएडीएम ट्रिगर' चालवा. चौथा: 'पार्टप्रोब' चालवा. चारही सल्ले देणारी माणसं जाणकार होती, चारही सल्ले कधी ना कधी बरोबर होते. पण ते वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या लिनक्ससाठी दिलेले होते आणि मला ते एकाच पंगतीत वाढलेले दिसत होते.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. जुना पेपर वाचताना आपण त्याचं साल बघतो, तेव्हा कोणतं उपकरण होतं ते बघतो. तांत्रिक सल्ला वाचताना मात्र साल बघायचं विसरतो. 'डिव्हाइस फाइल दिसत नाही' या एकाच वाक्याचा अर्थ १९९५ मध्ये वेगळा होता, २००१ मध्ये वेगळा, २००५ मध्ये वेगळा आणि आज वेगळा आहे. तो कसा बदलत गेला, ते क्रमाने बघू.

१९७१: उपकरण म्हणजे एक फाइल

युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची दोन मुख्य नावं. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच 'स्पेशल फाइल्स' हा स्वतंत्र विभाग आहे. थॉम्पसन आणि रिची यांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध पेपर १९७४ मध्ये आला. त्यात फाइलींचे तीन प्रकार सांगितलेत: साध्या फाइली, डिरेक्टरी आणि स्पेशल फाइली. प्रत्येक उपकरणासाठी डेव्ह डिरेक्टरीत निदान एक स्पेशल फाइल असते. मग साध्या फाइलीतून वाचायचं त्याच पद्धतीने डिस्कमधून वाचा, टेपवर लिहा. नावं देण्याची पद्धत एक, परवानग्यांची पद्धतही एकच.

पण या फाइलीत असतं काय? डेटा अजिबात नसतो. असतात फक्त दोन आकडे आणि एक प्रकार. पहिला आकडा 'मेजर', म्हणजे कोणत्या ड्रायव्हरकडे जायचं. दुसरा 'मायनर', म्हणजे त्या ड्रायव्हरच्या ताब्यातलं कितवं उपकरण. प्रकार म्हणजे ब्लॉक की कॅरेक्टर. लिनक्समध्ये पहिल्या साटा किंवा स्कझी डिस्कचा मेजर ८ आणि मायनर ०. एका डिस्कला १६ मायनर दिलेले असतात. म्हणून दुसरी डिस्क एसडीबी ही ८, १६ आणि तिचं पहिलं पार्टिशन एसडीबी१ हे ८, १७.

आमच्या अर्नाळ्याचा किल्ला समुद्रात, बेटावर आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. बेटावर आजही वस्ती आहे, माझी आत्या तिथेच राहते. जायचं तर होडीने. पावसाळ्यात समुद्र खवळला की होडी बंद. होडी बंद झाली म्हणून आत्या नाहीशी झाली, असं घरात कोणी म्हणत नाही. डिव्हाइस फाइल ही ती होडी आहे. ती नसेल तर तुम्ही डेटापर्यंत पोचू शकत नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि उलटही खरं: किनाऱ्यावर होडी उभी आहे म्हणून समोर बेट असेलच असं नाही.

नव्वदचं दशक: रिकाम्या होड्यांची रांग

लिनक्स १९९१ मध्ये आलं आणि युनिक्सची ही पद्धत त्याने जशीच्या तशी घेतली. तेव्हा डेव्ह ही डिस्कवरची एक साधी डिरेक्टरी होती. लिनक्स बसवताना 'मेकडेव्ह' नावाची स्क्रिप्ट तिच्यात शक्य त्या सगळ्या उपकरणांच्या फाइली आधीच बनवून ठेवायची. तुमच्याकडे एकच डिस्क असली तरी डझनावारी डिस्कच्या फाइली तयार. रेड हॅट ९ या २००३ च्या आवृत्तीत डेव्हमध्ये १८,००० हून अधिक नोंदी होत्या. त्यातल्या बहुतेकांच्या मागे काहीच नव्हतं.

त्या काळात फाइल दिसत नसेल, तर ती खरोखरच कोणी बनवलेली नसे किंवा चुकून पुसली गेलेली असे. उपायही साधा: 'एमकेनॉड' चालवा, नाव द्या, मेजर-मायनर द्या, झालं. माझा पहिला सल्ला या काळातला.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. एक म्हणजे, फाइल आहे यावरून उपकरण आहे की नाही ते कळत नसे. दुसरी आकड्यांची टंचाई. मेजरला ८ बिट, मायनरला ८ बिट, म्हणजे दोन्हीकडे २५६ ची मर्यादा. एका डिस्कला १६ मायनर म्हटले की एका मेजरमध्ये १६ डिस्क संपल्या. यूएसबी आल्यावर उपकरणं चालू मशीनला लागायची आणि निघायची, तेव्हा ही आधी बनवून ठेवलेली यादी फारच अपुरी वाटायला लागली.

२०००: एका संशोधकाचा प्रयत्न

यावर उत्तर शोधलं रिचर्ड गूच यांनी. गूच मुळात वैज्ञानिक सॉफ्टवेअरमधला माणूस. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी 'कर्मा' नावाचं, दुर्बिणीचा डेटा चित्ररूपात बघण्याचं साधन बनवलं होतं. त्यांचं 'डेव्हएफएस' २००० च्या सुरुवातीला लिनक्सच्या २.३.४६ या कर्नलमध्ये आलं. कल्पना सरळ होती: कोणती उपकरणं आहेत हे कर्नललाच ठाऊक असतं, मग फाइली त्यानेच बनवाव्यात. उपकरण आलं की फाइल आली, गेलं की गेली.

कल्पना चांगली होती, पण तिच्याबरोबर नावंही बदलली. साधं 'एचडीए१' जाऊन त्याच्या जागी होस्ट, बस, टार्गेट अशी लांबलचक उतरंड आली. जुन्या प्रोग्रॅमना जुनी नावं मिळावीत म्हणून 'डेव्हएफएसडी' हा वेगळा प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागायचा. तो बंद असला की तुमची ओळखीची फाइल गायब! माझा दुसरा सल्ला इथला. आक्षेप मुख्यतः दोन होते. नावं काय असावीत हे धोरण कर्नलच्या आत गेलं, आणि एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या तर गोंधळ होईल अशा चुका कोडमध्ये राहिल्या. पुढे त्या कोडची देखभालही मंदावली.

२००३ ते २००९: काम बाहेर गेलं आणि अर्धं परत आलं

२००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'युडेव्ह' मांडलं, पुढे के सीव्हर्स यांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवलं. युडेव्हचं म्हणणं असं: कर्नलने फक्त माहिती द्यावी, फाइल बनवण्याचं आणि नाव ठरवण्याचं काम कर्नलच्या बाहेर व्हावं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलमध्ये 'सिसएफएस' होतं. उपकरणांची खरी यादी तिथे मिळायची. युडेव्ह ती वाचून डेव्हमध्ये फाइली बनवायचं. याच कर्नलमध्ये मेजर १२ बिटांचा आणि मायनर २० बिटांचा झाला, म्हणजे आकड्यांची टंचाईही मिटली. डेव्हएफएस २००६ मध्ये २.६.१८ मधून काढून टाकलं गेलं.

या काळात 'फाइल दिसत नाही' याचा अर्थ बहुधा असा असे: कर्नलला उपकरण दिसलंय, पण युडेव्ह अजून तिथे पोचलेलं नाही, किंवा त्याचा एखादा नियम चुकलाय. म्हणून तिसरा सल्ला, 'युडेव्हएडीएम ट्रिगर'.

याच सुमाराचा एक किस्सा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. आयडीई डिस्कना पूर्वी 'एचडीए' म्हणत आणि त्यांना ६४ मायनर असत, म्हणजे ६३ पार्टिशनं चालत. साधारण २००६-०७ पासून त्या 'लिबाटा' या नव्या ड्रायव्हरखाली 'एसडीए' म्हणून दिसू लागल्या. इथे मायनर १६ च, म्हणजे पार्टिशनं १५ च. ज्यांच्या डिस्कवर वीस पार्टिशनं होती, त्यांनी कर्नल अपग्रेड केला आणि सोळाव्यापासून पुढची सगळी दिसेनाशी झाली. डिस्कवरचा एक बिटही हललेला नव्हता. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये जास्तीचे मायनर देण्याची सोय झाली, तेव्हा हा प्रश्न सुटला.

मग डिसेंबर २००९ मध्ये २.६.३२ कर्नलसोबत 'डेव्हटीएमपीएफएस' आलं आणि फाइली बनवण्याचं काम पुन्हा कर्नलकडे गेलं! डेव्हएफएस मागच्या दाराने परत आलं का, अशी चर्चा तेव्हा झाली. पण यावेळी वाटणी नीट होती. कर्नल फक्त साध्या नावाची फाइल बनवतो: एसडीबी, एसडीबी१. परवानग्या आणि ओळखीची जास्तीची नावं, म्हणजे सीरियल नंबरावरून किंवा यूयूआयडीवरून दिलेली, ही युडेव्हकडे राहिली. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये आज हीच व्यवस्था आहे.

या इतिहासाचा आपल्याला उपयोग काय, ते इथे दिसतं. आज एसडीबी१ ही फाइल कर्नल स्वतः बनवतो. त्यामुळे ती नसेल, तर बहुतेक वेळा फाइल बनवण्यात गडबड नसते. कर्नलच्या मते ते पार्टिशनच अस्तित्वात नसतं. तेव्हा प्रश्न 'फाइल कुठे गेली' असा विचारून उपयोग नाही. 'कर्नलला पार्टिशन का कळलं नाही' असा विचारायला हवा.

हे मी करूनही पाहिलं. 'एमकेनॉड'ने ८, १७ आकडे देऊन एसडीबी१ हाताने बनवलं. फाइल तयार झाली, यादीत दिसली, क्षणभर बरंही वाटलं. उघडायला गेले तर 'असं उपकरण किंवा पत्ता नाही' अशा अर्थाचा एरर. होडी आली, पण कर्नलच्या नकाशात बेटच नव्हतं.

कर्नलला पार्टिशन कळतं कसं?

पार्टिशन म्हणजे डिस्कवर लिहिलेला एक छोटा तक्ता. जुन्या युनिक्समध्ये काही डिस्कचे विभाग ड्रायव्हरच्या कोडमध्येच लिहिलेले असायचे. पीसीच्या जगात १९८३ मध्ये, पीसी डॉस २.० बरोबर, तक्ता डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर आला. तो एमबीआर. ५१२ बाइटच्या त्या सेक्टरमध्ये तक्त्याला फक्त ६४ बाइट, १६ बाइटची एक अशा चार नोंदी. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांनी मोजलं तर साधारण २.२ टीबीच्या पुढे मजल नाही.

त्याच्या जागी आलेलं टेबल म्हणजे जीपीटी. यात सेक्टर ० वर एक राखणदार एमबीआर असतो, 'ही डिस्क माझी आहे, हात लावू नका' एवढं सांगायला. खरा मथळा सेक्टर १ वर. त्याची सुरुवात 'ईएफआय पार्ट' या आठ अक्षरी खुणेने होते (मधली मोकळी जागा धरून, रोमनमध्ये). सोबत चेकसम, आणि डिस्कच्या अगदी शेवटी दुसरी प्रत.

डिस्क जोडली की कर्नल हा तक्ता वाचतो, पटला तर पार्टिशनं नोंदवतो आणि फाइली बनवतो. न पटल्यास पूर्ण डिस्कची एकच फाइल ठेवतो आणि गप्प बसतो. त्यामुळे फाइल न दिसण्याची आजची कारणं या पायऱ्यांवरच शोधायची:

पहिली पायरी, 'प्रॉक' मधली 'पार्टिशन्स' ही यादी बघा. ती कर्नलची स्वतःची. तिथे एसडीबी१ असेल आणि डेव्हमध्ये नसेल, तर दोष फाइलीच्या बाजूला. बहुधा तुम्ही कंटेनरमध्ये किंवा सीएचरूटमध्ये बसलेले असता आणि तिथे खरं डेव्ह जोडलेलं नसतं.

दुसरी, त्या यादीतच नसेल तर 'डीमेसेज' वाचा. वाचन-लेखनाचे एरर दिसत असतील तर डिस्क मरणाच्या दारात असू शकते. तिच्यावर प्रयोग थांबवा आणि 'डीडीरेस्क्यू'ने आधी पूर्ण प्रत काढा.

तिसरी, तक्ता तुम्ही आत्ताच बदललाय का? डिस्कचं एखादं पार्टिशन वापरात असताना तक्ता बदलला, तर कर्नल 'उपकरण व्यस्त आहे' म्हणतो आणि जुनाच तक्ता धरून बसतो. इथे 'पार्टप्रोब' किंवा 'पार्टएक्स' चालतं. चौथा सल्ला या एका परिस्थितीसाठी अचूक आहे.

चौथी, ती खरी डिस्क आहे की इमेज फाइल? लूप डिव्हाइसवर कर्नल सहसा आपणहून पार्टिशनं शोधत नाही. 'लूपसेटअप'ला मोठा 'पी' हा पर्याय द्यावा लागतो. मल्टिपाथमधली डिस्क असेल तर तिची पार्टिशनं डेव्हच्या खालच्या 'मॅपर' डिरेक्टरीत शोधा.

पाचवी, नाव तर चुकत नाही ना? एनव्हीएमई डिस्कच्या नावाच्या शेवटी अंक असतो, म्हणून पार्टिशनच्या आकड्याआधी 'पी' येतो. एसडीए१ शोधत बसाल तर ते कधीच सापडणार नाही. आणि काही डिस्कवर पार्टिशन नसतंच, पूर्ण डिस्कवर थेट फाइलसिस्टिम असते.

माझ्या बाबतीत हे सगळं तपासून झालं. एरर नाही, तक्ता बदललेला नाही, नाव बरोबर. 'पार्टप्रोब' मुकाट्याने चाललं, फरक शून्य. विरारमधल्या एका दुकानात फोन केला तर तिथून उत्तर आलं, 'मॅडम, आधी फॉरमॅट मारू, मग रिकव्हर करू.' मी फोन ठेवला. आई म्हणाली, 'अगं, आधी दोन घास खाऊन घे, मग बघ.' तो सल्ला मात्र काळाच्या ओघात जुना झालेला नव्हता.

डिस्क तीच, मोजपट्टी वेगळी

जेवून आल्यावर मी स्वतःलाच विचारलं: काल आणि आज यात बदललं काय? डिस्क तीच. लिनक्स तेच. बदललं होतं ते केसिंग.

२०११ च्या आसपास मोठ्या डिस्क आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरवर गेल्या. जुन्या सिस्टिम चालाव्यात म्हणून त्यातल्या बहुतेक बाहेर अजूनही ५१२ चेच सेक्टर दाखवतात. पण काही यूएसबी केसिंगमधली चिप मध्ये बसून उलट भाषांतर करते. ती संगणकाला ४०९६ चे सेक्टर दाखवते, म्हणजे जुन्या एमबीआरची २.२ टीबीची मर्यादा आठपटीने वाढते. हेतू चांगलाच. पण आता हिशेब करा. केसिंगमध्ये असताना मी जीपीटी बनवलं, तेव्हा 'सेक्टर १' म्हणजे डिस्कचा ४०९६ वा बाइट. थेट साटावर लावल्यावर 'सेक्टर १' म्हणजे ५१२ वा बाइट. कर्नलने तिथे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. शेवटची प्रतही त्याच कारणाने हुकली. राखणदार एमबीआर सेक्टर शून्यावर, ती जागा कुठल्याही मोजपट्टीने शून्यच. म्हणून तो जागेवर होता, पण त्यात खरं पार्टिशन नसतंच.

हा अंदाज होता, पुरावा हवा होता. 'हेक्सडंप'ने डिस्कचे पहिले ८१९२ बाइट वाचले, फक्त वाचले. ५१२ पाशी शून्यं. ४०९६ पाशी, उजवीकडच्या रकान्यात, स्पष्ट अक्षरांत ती खूण: 'ईएफआय पार्ट'.

खरं सांगते, रडू आलं.

पुढचं गणित शाळेतलं. ८१९२ पासून नोंदी सुरू. पहिल्या नोंदीत पार्टिशनची सुरुवात सेक्टर २५६ वर. २५६ गुणिले ४०९६, म्हणजे १०,४८,५७६ वा बाइट. माझी फाइलसिस्टिम ईएक्सटी४. तिचा सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो आणि त्यात ५६ बाइट पुढे तिची खूण. बेरीज १०,४९,६५६. तिथे वाचलं, खूण जागेवर होती. एवढा पुरावा पुरेसा होता.

मग 'लूपसेटअप'ला सांगितलं: ही डिस्क घे, सेक्टर ४०९६ चा मान, पार्टिशनं शोध, आणि फक्त वाचनासाठी उघड. लूपवर सेक्टरचा आकार ठरवण्याची ही सोय कर्नल ४.१४ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. त्याआधीच्या सल्ल्यांत ती सापडणारच नाही, तिथे पार्टिशनचा बाइट-पत्ता हाताने देऊन माउंट करायला सांगितलेलं असतं. तेही चालतं. डेव्हमध्ये 'लूप०पी१' ही फाइल उमटली. ती फक्त वाचनासाठी माउंट केली. डिस्क शेवटची वापरताना मी नीट 'इजेक्ट' केली होती, त्यामुळे तेही बिनतक्रार झालं. तीन वर्षांचा किनारा जागेवर होता.

सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. फोटो काढले त्याच दिवशी त्यांचे चेकसम लॅबच्या मशीनवर लिहून ठेवायची सवय होती. बॅकअप राहिला होता, पण ही यादी राहिली नव्हती. ती ताडून पाहिली. सगळे जुळले.

हे तुम्हाला का सांगितलं

तुमच्यातले बरेच जण पुढे मोठ्या क्लस्टरवर काम कराल. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या मशीनवरही लिनक्सच असतं, पण तिथे डेव्हमध्ये काय चाललंय याची काळजी दुसरं कोणीतरी घेतं. स्वतःच्या टेबलावरच्या डिस्कची काळजी मात्र तुम्हालाच घ्यायची आहे, आणि तुमच्या प्रबंधाचा कच्चा माल बहुधा तिथेच असतो. म्हणून तीन गोष्टी.

एक, सल्ल्याचं साल बघा. ज्याने 'एमकेनॉड' सांगितलं तो चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या दशकात उभा राहून बोलत होता. कुठलीही पद्धत, मग ती प्रयोगशाळेतली असो वा टर्मिनलवरची, कोणत्या परिस्थितीत जन्मली हे कळल्याशिवाय उचलू नका.

दोन, 'दिसत नाही' हे निरीक्षण आहे, निष्कर्ष नाही. डिस्कपासून तुमच्या डोळ्यांपर्यंत पाच-सहा थर आहेत: चिप, ड्रायव्हर, तक्ता, कर्नलची यादी, डिव्हाइस फाइल, माउंट. न दिसणं कोणत्या थरावर सुरू झालं ते आधी ठरवा. आणि ठरेपर्यंत फक्त वाचा. ते टूल 'टेबल बनवू का' विचारत होतं, तेव्हा मी हो म्हटलं असतं तर त्याने त्याच्या ५१२ च्या मोजपट्टीने नवा तक्ता लिहिला असता. ५१२ च्या हिशेबात नोंदींची जागा १०२४ पासून साधारण सतरा हजाराव्या बाइटपर्यंत जाते. माझा खरा मथळा ४०९६ वर, म्हणजे नेमका त्या जागेच्या आत होता.

तीन, 'या आठवड्यात करते' हा बॅकअप नसतो. आता माझ्या तीन प्रती आहेत, त्यातली एक अर्नाळ्याच्या खाऱ्या हवेपासून लांब. आणि प्रत्येक डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवलीय: कोणत्या केसिंगमध्ये फॉरमॅट केली, सेक्टर केवढा, पार्टिशन कुठून सुरू. लिहायला दोन मिनिटं लागतात.

ज्यांना लिनक्सची आज्ञा देण्यापासून सुरुवात करायचीय, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे मराठी धडे आहेत. तिथून सुरुवात करा. आणि आज रात्री, सगळं सुरळीत चाललेलं असताना, एकदा 'एलएसबीएलके' चालवून त्याचं उत्तर एका कागदावर उतरवून ठेवा. काही दिसेनासं झालं, तर आधी काय दिसत होतं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.